वाद्यवृंद संचालनाची तयारी: स्कोअरपासून व्यासपीठापर्यंत

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदात कंडक्टर (संचालक) हा एकच संगीतकार असा असतो की, तो स्वतः एकही स्वर वाजवत नाही. म्हणूनच या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने हातवारे शिकण्यापूर्वी कान आणि वाचन तयार केले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी एखाद्या वाद्याची अनेक वर्षांची साधना लागते. पियानो विशेष उपयोगी ठरतो, कारण त्यावर अनेक ओळी एकाच वेळी वाजवून पाहता येतात. परंतु वाद्यवृंदात बसून वाजवण्याचा अनुभवही तितकाच मोलाचा आहे. प्रख्यात कंडक्टर आर्तुरो तोस्कानिनी हा मुळात चेलोवादक होता. 1886 मध्ये रिओ द जानेरो येथे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला ऐनवेळी वादकांमधून उठवून व्यासपीठावर उभे करण्यात आले आणि त्याने व्हेर्दीचा ‘आयदा’ हा ऑपेरा स्मरणातून संचालित केला. स्वतःच्या चेलोच्या ओळीपलीकडचे संपूर्ण संगीत त्याने आधीच आत्मसात केले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

स्कोअर म्हणजे सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेली संपूर्ण स्वरलिपी. तिच्यात सर्वांत वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही लाकडी फुंकवाद्ये, त्याखाली पितळी वाद्ये, मग तालवाद्ये आणि तळाशी तंतुवाद्ये असतात. नवख्याला खरी अडचण येते ती लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर यांतील फरकामुळे. बी फ्लॅट क्लॅरिनेटसाठी ‘सी’ लिहिलेला असतो तेव्हा एक पूर्ण स्वर खालचा ‘बी फ्लॅट’ वाजतो, एफ हॉर्न लिहिल्यापेक्षा एक शुद्ध पंचम खाली वाजतो, डबल बास एक सप्तक खाली वाजतो, तर व्हायोलाची ओळ निराळ्याच क्लेफमध्ये (ओळीवरील स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या चिन्हात) लिहिलेली असते. हे रूपांतर विचार न करता होईपर्यंत सराव करावा. त्यासाठी प्रथम एकच ओळ गाऊन पाहावी, मग दोन ओळी पियानोवर वाजवाव्यात, आणि त्या सहज जमू लागल्यावर एक ओळ गात दुसऱ्या दोन वाजवाव्यात.

यानंतर संपूर्ण रचनेचा अभ्यास करावा. वाक्ये कुठे सुरू होतात आणि किती बारची (ठरावीक मात्रांच्या खंडांची) आहेत, स्वरसंवाद कुठे वळण घेतो, मुख्य धून कोणाकडून कोणाकडे जाते, आणि तीव्रतेचा खरा कळस कोणता, हे पेन्सिलीने मोजक्या खुणा करून नोंदवावे. ध्वनिमुद्रणे मात्र शक्य तितक्या उशिरा ऐकावीत. आधी ऐकल्यास दुसऱ्याची लय कानात इतकी घट्ट बसते की, रचनाकाराने प्रत्यक्ष काय लिहिले आहे ते दिसेनासे होते. संगीत मनातल्या मनात, सर्व वाद्यांच्या रंगांसह, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येऊ लागले की मगच बॅटन (संचालनाची छडी) उचलावी.

हातांच्या मूलभूत आकृत्या थोड्या आहेत. दोन मात्रांसाठी हात खाली आणि वर जातो. तिनांसाठी खाली, उजवीकडे आणि वर. चारांसाठी खाली, डावीकडे, उजवीकडे आणि वर. त्या लवकर येतात. कठीण असते ती पहिल्या स्वराआधीची पूर्वमात्रा, कारण त्या एकाच हालचालीत आणि तिच्यासोबतच्या श्वासात लय, तीव्रता आणि स्वराचा स्वभाव हे तिन्ही वादकांना कळावे लागते. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात या दृष्टीने घोटून घ्यावी. तेथे बारचा पहिला ठोका विरामावर पडतो आणि तीन लघु स्वर त्यानंतर येतात, शिवाय पुढच्याच बारमध्ये स्वर अनिश्चित काळ धरून ठेवायचा असतो. पूर्वमात्रेत जरासा संदिग्धपणा राहिला तरी तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट एकत्र सुरू होऊ शकत नाहीत. डाव्या हाताने उजव्याची नक्कल करण्याची सवय आरंभीच मोडावी. तो हात वाद्यांचे प्रवेश आणि तीव्रता दाखवण्यासाठी मोकळा हवा.

कंडक्टरचे वाद्य घरी ठेवून रियाज करता येत नाही, त्यामुळे वादक जमवणे हाही प्रशिक्षणाचाच भाग मानावा. चार तंतुवादक आणि एक पियानोवादक मिळाले तरी पुष्कळ शिकता येते, आणि समूहगायनाचे संचालन केल्यास श्वासाचे भान येते.

तालमीपूर्वी तंतुवाद्यांच्या गजाच्या दिशा कॉन्सर्टमास्टरशी (व्हायोलिनवादकांच्या प्रमुखाशी) बोलून ठरवाव्यात, आणि स्कोअरमधील बारचे क्रमांक वादकांच्या प्रतींशी जुळतात याची खात्री करून घ्यावी. पहिल्यांदा एखादा मोठा भाग न थांबता वाजवू द्यावा. ज्या चुका वादकांच्या स्वतःच्या लक्षात आल्या आहेत त्या पुढच्या वेळी आपोआप सुधारतात. त्यांसाठी थांबणे म्हणजे वेळ दवडणे आणि त्यांचा अवमान करणेही आहे. थांबल्यावर प्रथम कोणासाठी, मग कोणत्या ठिकाणी, आणि शेवटी काय हवे, या क्रमाने मोजक्या शब्दांत सांगावे.

व्यवसायाचे मार्ग प्रामुख्याने तीन आहेत. ऑपेरागृहात गायकांची तालीम पियानोवर घेत वर चढणे हा जुना आणि मला सर्वांत भक्कम वाटणारा मार्ग आहे. दुसरा स्पर्धांचा: झुबिन मेहता यांनी 1958 मध्ये लिव्हरपूलची, तर सेजी ओझावा यांनी 1959 मध्ये बेझाँसोंची स्पर्धा जिंकली आणि त्यांची नावे पुढे आली. तिसरा मार्ग सहायक कंडक्टरच्या पदाचा. सहायकाने प्रत्येक कार्यक्रमाचा स्कोअर पूर्ण तयार ठेवलाच पाहिजे. 14 नोव्हेंबर 1943 रोजी कंडक्टर ब्रूनो वॉल्टर आजारी पडल्यामुळे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे पंचवीस वर्षांचे सहायक लेनर्ड बर्नस्टाईन यांना एकाही तालमीविना कार्नेगी हॉलमध्ये संचालन करावे लागले होते.

पहिले स्वतंत्र पद स्वीकारताना प्रत्येक कार्यक्रमासाठी तालमीचे किती तास मिळतील, आणि नव्या वादकांच्या निवडीत कंडक्टरचे मत किती धरले जाईल, हे दोन प्रश्न मानधनाच्या आधी विचारावेत. तास कमी असतील तर आरंभीच्या कार्यक्रमांत अजस्र रचनांऐवजी हायडन किंवा मोझार्टच्या सिंफनी ठेवाव्यात, कारण त्यांत प्रत्येक ओळ उघडी ऐकू येते आणि वाद्यवृंदाला एकमेकांचे ऐकण्याची सवय लागते.