खाऱ्या वाऱ्यातला एसी: या चुका टाळा

वर्सोवा असो, अलिबाग असो की वेंगुर्ला, समुद्रालगतच्या घरात एसीचं आउटडोअर युनिट पुण्या-नाशिकच्या मानाने फार लवकर खराब होतं. बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. कॉइलवर बसलेलं मीठ कुणी धूत नाही, धुतलंच तर चुकीच्या पद्धतीने धुतलं जातं, आणि कूलिंग कमी झालं की निदान न करताच गॅस भरला जातो.

कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर घट्ट बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, असतात. दोन धातूंमध्ये खारट ओल आली की अॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि नळीच्या कडेने पांढरी पूड दिसते. मीठ स्वतःच हवेतली ओल खेचतं. साधं मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला विरघळू लागतं, समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच. त्यामुळे कोकणात कोरडी दिसणारी कॉइलसुद्धा ओलीच असते.

"पावसाळ्यानंतर एक सर्व्हिसिंग पुरे"

इथे सर्वांत जास्त फसगत होते. जून ते सप्टेंबर उघड्यावरची कॉइल पावसाने थोडीफार धुतली जाते. खरा धोका ऑक्टोबर ते मे या काळात असतो, कारण दुपारी समुद्राकडून सुटणारा वारा रोज मीठ आणून टाकतो आणि ते धुवायला पाऊस नसतो. छज्जाखाली किंवा डक्टमध्ये बसवलेल्या युनिटला तर पावसातही पाणी लागत नाही. म्हणून या आठ महिन्यांत किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत महिन्यातून एकदा, आणि दोन-तीन किलोमीटरपर्यंत तीन महिन्यांतून एकदा आउटडोअर धुवावं.

आधी रिमोटने नव्हे, एमसीबी पाडून वीज बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. वरचं झाकण काढता येत असेल तर काढा, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड) आणि वायरिंगचा भाग प्लास्टिकने नीट झाका. बागेच्या नळीने साध्या दाबाचं 10 ते 15 लिटर पाणी आतून बाहेर, फिनच्या रेषेत सरळ सोडा. पंखा हवा बाहेरून आत ओढतो, म्हणून कचरा बाहेरच्या बाजूला अडकलेला असतो आणि बाहेरून पाणी मारलं की आत रुततो. झाकण काढता येत नसेल, तर बाहेरून वरून खाली हलक्या हाताने धुवा. तासभर वाळू द्या, मग वीज सुरू करा. युनिट खिडकीबाहेर उंचावर असेल तर वाकून धुवायला जाऊ नका. सेफ्टी बेल्ट लावून काम करणारा मेकॅनिकच बोलवा.

पाणी कोणतं, हेही बघा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी आणि बोअरवेल मचूळ असतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे कॉइलवर पुन्हा मीठ चढवणं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर 500 पीपीएमच्या आत असलेलं पाणी घ्या. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं चालतं.

जेट, अॅसिड आणि रंग

कार धुण्याचा जेट पंप जवळून मारला की फिन आडव्या होतात आणि हवेची वाट बंद होते. वाकलेल्या फिन फिन-कोंबने (फिन सरळ करायच्या खास कंगव्याने) सरळ करता येतात, पण मिठाने ठिसूळ झालेल्या फिन तुटूनच येतात. अॅसिड किंवा कॉस्टिकचं क्लीनर कॉइल क्षणात चकचकीत करतं, कारण ते अॅल्युमिनियमच खातं आणि वरचा निळा किंवा सोनेरी लेपही उतरवतं. तेलकट डाग असतील तर अॅल्युमिनियमसाठी सुरक्षित, न्यूट्रल (अॅसिड किंवा कॉस्टिक नसलेला) कॉइल क्लीनर वापरा आणि भरपूर पाण्याने धुवून टाका.

गंजरोधक स्प्रे फक्त कॉइलसाठी बनवलेलाच, आणि तोही स्वच्छ, कोरड्या, शक्यतो नव्या कॉइलवर मारावा. मिठावर मारलेला लेप मीठ आत कोंडतो. साध्या ऑइल पेंटचा जाड थर उष्णता अडवतो.

"कूलिंग नाही, गॅस भरा"

गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. दरवर्षी गॅस भरणं म्हणजे गळती तशीच सोडून पैसे खर्च करणं. त्यातही अनेकदा गॅस पुरेसा असतो आणि सडलेल्या फिनमुळे उष्णता बाहेर जात नसते. दोन्हींतला फरक क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) लावून, कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालू असताना बघावा. इन्व्हर्टर मॉडेलवर त्यासाठी टेस्ट मोड लावावा लागतो.

गॅस कमी असेल तर अँपिअर युनिटवरच्या माहितीच्या प्लेटवरील आकड्यापेक्षा कमी येतात, सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा दाब) उतरतं, इनडोअर कॉइलच्या एका भागावरच बर्फ धरतो आणि फ्लेअर नटपाशी (पाइप जोडणाऱ्या नटपाशी) तेलाचा डाग दिसतो. कंडेन्सर, म्हणजे आउटडोअरची कॉइल, खराब असेल तर अँपिअर आणि डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) चढतात. एसी रात्री बरा चालतो, दुपारी ट्रिप होतो. अशा वेळी गॅस भरला तर प्रेशर आणखी चढून कॉम्प्रेसरवर ताण येतो.

गळती असेल तर नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने ती शोधायला सांगा. ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी संपर्क आला की स्फोट होऊ शकतो. दुरुस्तीनंतर पाइपमधली हवा आणि ओल पंपाने काढून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनपर्यंत (दाब मोजायचं एकक) उतरवून गॅस काट्यावर वजन करून, प्लेटवर लिहिलाय तेवढाच भरावा. आर-32 हा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून ब्रेझिंगआधी (ज्योतीने नळी जोडण्याआधी) तो पूर्ण काढून घेणं आणि खिडक्या उघड्या ठेवणं गरजेचं. गळती यू-बेंडला (कॉइलच्या टोकाला वळलेल्या नळीला) असेल तर जोडता येते. फिनच्या मधोमध असेल, किंवा वर्षात दुसऱ्यांदा झाली, तर कॉइलच बदला.

बंद घर, झाकलेलं युनिट

दापोली-मुरूडची सुट्टीतली घरं महिनोन्‌महिने बंद असतात. जाताना आउटडोअर धुवून, पूर्ण वाळवून ठेवा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. फक्त वर छत्रीसारखं झाकण पुरे, बाजू मोकळ्या.

ब्रॅकेटकडे तर कुणाचं लक्षच नसतं. साध्या लोखंडी अँगलचा गंज भिंतीकडच्या बाजूने आत वाढतो आणि बाहेरून फक्त रंगाचे फुगे दिसतात. दर वर्षी पावसाळ्याआधी हे फुगे खरवडून बघा. खाली पातळ पत्रा लागला तर रंगरंगोटी न करता ब्रॅकेट लगेच बदला. खाली माणसं चालतात. नवा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) घ्या आणि बोल्ट एसएस 316 या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचे. 304 समुद्राजवळ डागाळतो.