दोघांच्या झोपेच्या सवयी वेगळ्या असताना गादी कशी निवडावी?

पती-पत्नींपैकी एकाला कडक गादी लागते आणि दुसऱ्याला मऊ, म्हणून दुकानदार 'मध्यम' गादी दाखवतो आणि दोघेही थोडेफार मन मारून तीच घेतात, असे बहुतेक घरांत घडते. वास्तविक झोपेची प्रत्येक गरज अशी मधोमध आणून भागवण्याचे कारण नसते. काही गोष्टी दोघांना समाईक ठेवाव्याच लागतात आणि काही सहज वेगळ्या करता येतात. ही विभागणी दुकानात जाण्यापूर्वी केली, तर निवड बरीच सोपी होते.

सुरुवातीला आठवडाभर दोघांनी आपापली झोप नीट पाहावी. कोण कुशीवर झोपते, कोण उताणे, कोण पालथे; कोणाला उकडते; एकजण उठला किंवा कूस पालटली की दुसऱ्याची झोप मोडते का; आणि सकाळी दुखते ते नेमके कोठे, हे लिहून ठेवावे. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि नितंब गादीत थोडे रुतावे लागतात. तसे न झाल्यास खांदा दबून हाताला मुंग्या येतात. पालथ्या झोपणाऱ्याचे पोट मात्र मऊ गादीत खाली गेले, की कंबरेवर ताण येतो. उताणे झोपणाऱ्याला कंबरेखालची पोकळी भरून निघेल इतकाच मऊपणा हवा असतो. यात वजनाचाही हिशेब धरावा लागतो, कारण पंचावन्न किलोच्या माणसाला कडक वाटणारी गादी नव्वद किलोच्या माणसाला मऊ वाटू शकते. म्हणून गादीवर छापलेल्या 'मीडियम' किंवा 'फर्म' या शब्दांवर फारसे विसंबू नये.

पाठ दुखत असेल तर फळीसारखी कडक गादीच हवी, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत जुनी, विशिष्ट कारण न सापडलेली कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी देण्यात आली होती, आणि ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादी मिळालेल्यांचा त्रास अधिक कमी झालेला दिसला. त्यामुळे एकाच्या पाठीचे कारण पुढे करून दोघांवरही कडक गादी लादण्याची गरज नाही. मणक्याचा निदान झालेला आजार असेल, तर अर्थातच डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा.

दोघांच्या गरजांत फार अंतर असेल, तर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे एकाच पलंगावर दोन स्वतंत्र गाद्या. आपल्याकडे किंग आकाराची गादी साधारणतः ७८ × ७२ इंचांची असते, म्हणजे ७८ × ३६ इंचांच्या दोन गाद्या तेथे नेमक्या बसतात. मात्र पलंगाच्या आतले माप स्वतः घ्यावे, कारण सुताराकडून करून घेतलेल्या पलंगात इंच-दोन इंचांचा फरक असतोच. बाजारात 'ड्युअल कम्फर्ट' नावाने मिळणाऱ्या गादीविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. तिचा डावा भाग मऊ आणि उजवा कडक असतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुधा तिची वरची बाजू एका प्रकारची आणि खालची दुसऱ्या प्रकारची असते, म्हणजे एका वेळी दोघांना एकच बाजू वापरावी लागते. पण अशाच दोन सिंगल गाद्या घेतल्या, तर प्रत्येकाला आपापली बाजू वर ठेवता येते आणि पुढे वय, वजन किंवा दुखणे बदलले, तर एकट्यापुरती गादी उलटवता येते. दोन्ही गाद्यांची जाडी मात्र सारखी असावी. मधली फट दोन्हींवर मिळून एक टॉपर, म्हणजे गादीवर घालायचा पातळ थर, अंथरला आणि वर किंग आकाराची इलॅस्टिकची चादर ताणून बसवली, की फारशी जाणवत नाही. पलंगाला कडेने काठ नसेल, तर गाद्या सरकून फट रुंदावते. अशा वेळी पट्ट्याने त्या एकत्र बांधाव्यात. लहान मूल मधोमध झोपत असेल, तर ही व्यवस्था तूर्त टाळलेली बरी. पलंग ७८ × ६० इंचांचा असेल, तरीही ती सोयीची नाही, कारण तीस इंचांची गादी मोठ्या माणसाला अरुंद पडते.

एकच गादी घ्यायची असेल, तर पहिला विचार हालचालीचा करावा. एकमेकींना जोडलेल्या साध्या स्प्रिंगच्या गादीत एका बाजूची हालचाल सहज दुसरीकडे पोहोचते. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असल्याने ती बरीच कमी पोहोचते. याबाबतीत मेमरी फोम सर्वांत सरस असतो, पण तो अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन शरीराला वेढतो, त्यामुळे मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत ज्याला आधीच उकडते, त्याला तो नकोसा होतो. लॅटेक्समध्ये, म्हणजे रबराच्या फोममध्ये, हवा अधिक खेळते आणि तो दाबानंतर लगेच वर येतो, परंतु तो महाग आणि उचलायला जड असतो. रबर लावलेल्या काथ्याची गादी हवेशीर व कडक असते. उताणे झोपणाऱ्या दोघांना ती चालते, कुशीवर झोपणाऱ्याला सहसा नाही. कापसाची गादी स्वस्त, थंड आणि पिंजून पुन्हा भरता येण्याजोगी असते, हे खरे. पण दोघांच्या वजनात फरक असेल, तर तीत जड बाजूला खळगा पडतो आणि दुसरा माणूस रात्रभर त्या उताराकडे घसरत राहतो.

दुकानात दोघांनी एकत्र जावे आणि संकोच न करता, चपला काढून, नेहमीच्या स्थितीत किमान दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. बसून गादी दाबून पाहिल्याने काहीच कळत नाही. एकाने कूस पालटावी आणि दुसऱ्याने डोळे मिटून धक्का जाणवतो का ते पाहावे. मग एकाने कडेला बसून उठून पाहावे. उताणे पडल्यावर कंबरेखाली हात सहज आरपार जात असेल, तर गादी त्या व्यक्तीला कडक आहे. उशी घरचीच न्यावी, कारण कुशीवर झोपणाऱ्याला जाड आणि पालथे झोपणाऱ्याला अगदी पातळ उशी लागते, आणि मानेच्या अनेक तक्रारी उशी बदलल्यानेच मिटतात. गरम-गार वाटण्यातला फरकही गादीवर ढकलू नये. दोघांना दोन पांघरुणे घेणे त्याहून स्वस्त पडते.

फोमच्या बाबतीत घनता, म्हणजे एका घनमीटरला किती किलो, हे विक्रेत्याला विचारावे. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनतेवरून मुख्यतः गादी किती वर्षे न दबता टिकेल याचा अंदाज येतो. वॉरंटी सहसा ठरावीक खोलीपेक्षा अधिक खळगा पडल्यासच लागू होते. 'आम्हांला मानवली नाही' ही तक्रार तीत बसत नाही. तिच्यासाठी चाचणीचा काळ असतो. अनेक ऑनलाइन विक्रेते तो शंभर रात्रींपर्यंतही देतात, पण परत नेण्याचा खर्च कोणाचा आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे लेखी घ्यावे. इमारतीच्या लिफ्टचे मापही त्याच वेळी पाहून ठेवावे, कारण गुंडाळून न येणारी सहा फुटी गादी जिन्याने चढवण्याचा प्रसंग बराच कटकटीचा असतो.

गादी घरी आल्यावर वेष्टनाचे प्लास्टिक पूर्ण काढावे आणि दोन-तीन आठवडे दोघांनीही निकाल देण्याची घाई करू नये, कारण जुन्या खळग्याला सरावलेल्या शरीराला सपाट गादी आरंभी टोचतेच. खाली सामान ठेवण्याचा बंद पेटीपलंग असेल, तर प्लायवूडला भोके पाडून घ्यावीत, म्हणजे पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरणार नाही. डाग पडलेली गादी विक्रेते बहुधा परत घेत नाहीत, म्हणून पाणी न शोषणारी खोळ पहिल्या रात्रीपासून घालावी आणि चाचणीची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.