बॅश हिस्टरी बघून कुणाचं नाव रिपोर्टात टाकू नका

लिनक्स येतं असं धरूनच लिहितोय, ग्रेप कसं मारायचं वगैरे सांगत बसत नाही. सांगलीत बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं सिक्युरिटी मॉनिटरिंग नाईट शिफ्टला करणारी पोरं आता आहेत, आणि कधी ना कधी केस अंगावर येतेच की अमुक युजरनं सर्व्हरवर काहीतरी गडबड केलीय, बघून सांग. नवीन माणूस पहिली त्याची बॅश हिस्टरी, म्हणजे त्यानं टर्मिनलवर मारलेल्या कमांडची फाइल, उघडतो. मला सगळ्यात जास्त याच फाइलनं छळलंय, म्हणून इथं जरा लांबण लावतो.

बॅश हिस्टरी हा लॉग नाही. वरचा बाण दाबला की जुनी कमांड मिळावी एवढ्यासाठी ती असते. हिस्टरीच्या टाइम फॉरमॅटचं व्हेरिएबल त्या युजरला आधीपासून सेट नसेल तर फाइलमध्ये वेळ लिहिलीच जात नाही. मग तुम्ही तपासाला बसता, ते व्हेरिएबल स्वतः सेट करता, हिस्टरी मारता आणि प्रत्येक कमांडपुढं मस्त तारीख-वेळ येते. ती वेळ कमांड मारल्याची नाही, तुमच्या शेलनं फाइल वाचली तेव्हाची आहे! सगळ्या कमांड एकाच सेकंदाला दिसतात आणि लोक बिनधास्त लिहून मोकळे होतात की युजरनं स्क्रिप्ट चालवली.

क्रमाचंही तेच. दोन टर्मिनल उघडी असली तर जे आधी बंद होतं त्याच्या कमांड आधी लिहिल्या जातात, त्यामुळं नऊची कमांड अकराच्या खाली सापडू शकते. कमांडच्या आधी एक स्पेस दिली तर उबुंटूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ती नोंदलीच जात नाही. शेल किल मायनस नाइननं मारला तर त्या सेशनचं काहीच उरत नाही. आणि फाइल युजरच्याच मालकीची, तो एडिटरमध्ये उघडून हव्या त्या ओळी उडवू शकतो. त्या युजरनं लॉगिन करून बघत बसू नका, बाहेर पडताना तुमच्याच कमांड त्यात जातात. आधी कॉपी काढा, तिचा हॅश घ्या, म्हणजे नंतर फाइल बदलली नाही हे दाखवता येतं.

वेळ असलीच तर # या चिन्हापुढं १७०००००००० असा आकडा असतो, १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद. हा यूटीसीत १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे १०:१३, आपल्याकडं मात्र १५ तारीख, पहाटेचे ३:४३. साडेपाच तासांत तारीख बदलली, माणूस ड्युटीवर होता की घरी झोपला होता तेही बदललं.

घाबरू नका पण, ऑडिटडी आहे, म्हणजे सिस्टिमवर काय चाललं याची नोंद ठेवणारी सर्व्हिस. एक्झेकव्हीईचा (प्रोग्रॅम सुरू करणारा सिस्टिम कॉल) रूल आधीपासून लावलेला असेल तर चाललेला प्रत्येक प्रोग्रॅम तिथं येतो (रूल नसेल तर मागचं काही परत मिळत नाही, ते सरळ लिहून द्या). त्यात यूआयडी (प्रोग्रॅम ज्या युजरच्या नावानं चालला तो नंबर) बघायचा नाही, एयूआयडी (मुळात लॉगिन केलेल्या युजरचा नंबर) बघायचा. सुडो मारून रूट झाला तरी एयूआयडी मूळ लॉगिनचाच राहतो. तिथं ४२९४९६७२९५ दिसलं की लॉगिनच झालेलं नाही, एखादी सर्व्हिस असणार. हेक्समधले आर्ग्युमेंट बघून दचकू नका, ऑडिटचा लॉग शोधायच्या ऑसर्च कमांडला मायनस आय लावा. सीडी, इको असल्या शेलच्या आतल्या कमांड मात्र इथं दिसत नाहीत.

ही सगळी कमांडांची यादी पाठ करून घेणारे क्लास आहेत, पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. माझे सीनियर कधी तयार कमांड देत नव्हते, फक्त विचारायचे, "हे तुला कशावरनं कळलं रे?" तेव्हा राग यायचा. असा माणूस मिळाला तर सोडू नका, कारण तुमच्या रिपोर्टवर कुणाची तरी नोकरी जाणार असते.

आणि चौघं मिळून एकच अकाउंट वापरत असतील, आपल्याकडं हे सर्रास चालतं, तर एयूआयडीवरनं माणूस कळणार नाही. तेव्हा ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींची फाइल) त्या लॉगिनची ओळ काढा, पासवर्डऐवजी एसएसएच की वापरून आला असेल तर तिथं त्या कीचा फिंगरप्रिंट असतो, तो ऑथराइज्ड कीज फाइलमधल्या प्रत्येक कीशी जुळवून बघा. चौघांनी पासवर्डच वाटून घेतला असेल तर आयपी आणि वेळ एवढंच हातात राहतं, रिपोर्टात तेवढंच लिहा.