दाताच्या डॉक्टरला काय सांगायचं: एका कंडक्टरची वही

सातारा–स्वारगेट गाडीवर कंडक्टर होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षात वरचे पुढचे दोन दात पायरियाने गेले, आणि तेव्हा लक्षात आलं की सातारा, शिरवळ, स्वारगेट, सगळीकडे स आणि शच भरलेत. ‘शिरवळवाले उतरा’ म्हटलं की शिट्टी वाजायची. ड्रायव्हर म्हणायचा, ‘अण्णा, बेल राहू द्या आता.’ मीही हसायचो, पण तोंडावर हात धरून.

पहिल्यांदा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठला दुखतो?’ मी दाढेवर बोट ठेवलं. त्यांनी ती काढली. घरी येऊन भाकरी दुधात कुस्करत होतो, ती कुस्करतच राहिलो. चूक माझीही होती. दाढेचं सांगितलं, माझं काही सांगितलंच नव्हतं.

पुढे एका डेंटल कॉलेजात गेलो. तिथल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी आधी 14 प्रश्नांचा कागद समोर ठेवला. ओएचआयपी-14 म्हणतात त्याला, तोंडाच्या दुखण्याने रोजच्या जगण्यात किती अडतं ते मोजायला. 1997 सालापासून जगभर वापरात आहे. शब्द उच्चारायला त्रास होतो का, खाताना अवघडल्यासारखं होतं का, जेवण अर्धवट टाकावं लागतं का, लाज वाटते का, घरच्यांवर चिडचिड होते का, असे प्रश्न. ‘कधीच नाही’ला 0, ‘नेहमीच’ला 4. सगळे मिळून जास्तीत जास्त 56, आणि आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. माझे 31 भरले. आयुष्यभर तिकिटांचा हिशोब केला, पण हा आकडा पाहून गप्प झालो.

तुम्हाला असा कागद मिळेलच असं नाही. म्हणून जायच्या आधी आठ दिवस एक वही घाला. रोज रात्री दोन-तीन ओळी पुरेत, पण ‘त्रास झाला’ असं मोघम लिहू नका. काय सोडलं ते लिहा. माझ्या वहीतलं:

‘मंगळवार. भाकरीचा पापुद्रा तेवढा खाल्ला. पेरू बायकोने किसून दिला, राग आला.’
‘गुरुवार. मेहुण्याच्या मुलीचं लग्न. पंगतीला बसलो नाही, उपास आहे म्हणून सांगितलं.’
‘शनिवार. नातू गोष्ट सांगा म्हणाला. मोबाईल दिला.’

हा शनिवार वाचून बाईंनी पेन खाली ठेवलं. रात्री ठणक्याने कितीदा उठलात, कोणत्या कुशीवर झोपता, गोळी कितीदा घेतली, हेही टिपा. शुगर असेल तर तिचा ताजा रिपोर्ट वहीतच ठेवा, कारण हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना वाढवतात.

वही कधी घालायची नाही, तेही सांगतो. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, की सरळ उठून जायचं. तंबाखू-मशेरीवाल्यांनी पांढऱ्या-लाल चट्ट्यालाही हाच नियम लावावा. मी चुन्याची डबी तेव्हाच टाकली. बायकोची मशेरी सुटायला मात्र वर्ष गेलं.

डॉक्टरांपुढे वही उघडली की मागणी एकच ठेवा: मला यातलं काय परत मिळेल, आणि काय नाही? पैशांचं नंतर बोला, पण बोला. मी आधी पंगत मागितली, मग ‘स’.

माझे उरलेलेही बहुतेक हलत होते. ते काढून कवळी बसवली. पहिले काही दिवस तोंडात परकी वस्तू वाटते. मऊ भात, छोटा घास, दोन्ही बाजूंनी चावायचं. बोलण्यासाठी मी रोज सकाळी आमच्या रूटचे थांबे मोठ्याने म्हणायचो. खालची कवळी वरचीपेक्षा जास्त हलते, त्यात नवल नाही. टोचली म्हणून मी घरी कानशीने घासली आणि बिघडवली. तसलं काही करू नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी जमेल तितका वेळ ती घालून बसा, म्हणजे कुठे टोचते ती लाल जागा त्यांना दिसते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही.

तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा आठ दिवस चालवली आणि 14 प्रश्न पुन्हा सोडवले. 12 आले. ‘मंगळवार. चतकोर भाकरी, पिठल्याबरोबर. ऊस अजून नाही. नातवाला स्वारगेटची गोष्ट सांगितली, तो मध्येच झोपला.’