वाचनालयाच्या अभिप्राय-वहीत काय लिहावे

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाला सुतळीने बांधलेली एक अभिप्राय-वही आहे. पुस्तक परत करताना सभासदाने तीत चार ओळी लिहाव्यात अशी अपेक्षा असते आणि पुष्कळ जण लिहितातही. पावसाळा सरल्यावर ओल धरलेली पाने उन्हात ठेवण्याच्या निमित्ताने मी ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली. ऐतिहासिक कादंबरी, कवितासंग्रह, आत्मचरित्र, मधुमेहींच्या आहाराचे पुस्तक आणि माशांच्या पाककृती या सर्वांवर बहुतेकांनी एकच वाक्य लिहिले होते : ‘पुस्तक अप्रतिम आहे, प्रत्येकाने जरूर वाचावे.’ या वाक्यात खोटे काही नाही. मात्र ते वाचून पुढच्या सभासदाला हे पुस्तक आज घरी न्यावे की नाही हे ठरवता येत नाही. अभिप्राय त्या पुढच्या सभासदासाठी लिहायचा असतो. तो कसा लिहावा याची काही पद्धत आमच्या वाचकमंडळात हळूहळू बसत गेली, ती येथे मांडतो.

अभिप्रायाची तयारी पुस्तक वाचतानाच करावी लागते, कारण शेवटचे पान उलटल्यानंतर मनात उरतो तो बहुधा शेवटच्या तीस-चाळीस पानांचाच परिणाम. वाचनालयाच्या प्रतीवर पेन्सिल फिरवणे हा अपराध आहे, असे माझे मत आहे. त्याऐवजी कागदाच्या अरुंद पट्ट्या पुस्तकात ठेवाव्यात. (मी कदंबच्या बसची जुनी तिकिटे वापरतो.) प्रत्येक पट्टीवर पृष्ठक्रमांक आणि दोन-तीन शब्द पुरेत. जेथे आपण थबकलो, जेथे काही न उमगल्यामुळे मागे जाऊन पुन्हा वाचावे लागले आणि जेथे कंटाळून पाने चाळायला लागलो, अशा तिन्ही जागा टिपाव्यात. तिसऱ्या प्रकारची टीप लिहायला लोकांना संकोच वाटतो, विशेषतः लेखक मोठा असला तर. पण पुढच्या वाचकाला सर्वांत जास्त उपयोग तिचाच होतो.

अभिप्रायाच्या माथ्यावर पुस्तकाचे नाव, लेखक, अनुवाद असल्यास अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष लिहावे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे : पुनर्मुद्रणात मजकूर सहसा तोच असतो, तर नव्या आवृत्तीत लेखकाने भर घातलेली किंवा काटछाट केलेली असू शकते. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा केवळ शक दिलेला असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो; मात्र शकाच्या अखेरच्या, म्हणजे जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. आवृत्तीचा मुद्दा किती महत्त्वाचा ठरू शकतो याचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. रायतूर येथे १६१६ साली छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत असले तरी रोमन लिपीत छापले गेले होते. पुढे १९०७ साली मंगळूरला निघालेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती आणि देवनागरी आवृत्ती १९५६ साली आली. ‘ओव्या वाचायला जड गेल्या’ एवढेच एखाद्याने लिहिले, तर त्याला भाषा जड गेली की लिपी, हे आवृत्ती सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आता मुख्य प्रश्न. सर्व पुस्तकांना एकाच काट्यावर तोलण्याची आपल्याला सवय असते आणि माझ्या मते बहुतेक फसलेले अभिप्राय तेथेच फसतात. पुस्तकाने कोणते काम अंगावर घेतले आहे हे आधी ओळखावे, ते काम एका वाक्यात लिहून काढावे आणि मग ते कितपत पार पडले हे पाहावे. हे वाक्य लिहिता येत नसेल तर आपण पुस्तक नीट वाचलेले नाही, किंवा लेखकालाच ते ठाऊक नाही. दोन्ही शक्यता तपासाव्यात, पहिली आधी.

कादंबरी किंवा कथासंग्रह असेल तर कथानकाचा गोषवारा देण्याचा मोह आवरावा. साधारण पहिल्या पाचव्या हिश्श्यात जे कळते तेवढेच सांगावे, असा आमच्या मंडळाचा दंडक आहे. विश्राम बेडेकर यांची १९३९ सालची ‘रणांगण’ घेतली, तर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आणि मायदेशी परतणारे हिंदी प्रवासी एका बोटीवर एकत्र येतात आणि दुसरे महायुद्ध उंबरठ्यावर आहे, एवढे लिहिले की पुरे. पुढे काय होते ते वाचकाला बोटीवरच कळू द्यावे. त्याऐवजी कथा कोण सांगतो आहे, त्याच्या सांगण्यावर आपला विश्वास बसतो का, पात्रे एकमेकांहून वेगळी बोलतात की सर्वांच्या तोंडून लेखकच बोलतो, काळ पुढे-मागे जातो तेव्हा धागा हातात राहतो का, याविषयी लिहावे आणि प्रत्येक विधानामागे आपल्या पट्टीवरचा पृष्ठक्रमांक ठेवावा. ‘संवाद कृत्रिम आहेत’ हे मत झाले. ‘पृष्ठ ११२ वर अशिक्षित म्हणून रंगवलेला रेंदेर (माडाची सूर काढणारा) वर्तमानपत्री मराठीत बोलतो’ हा पुरावा झाला. पुरावा दिला की मताशी न पटणाऱ्या वाचकालाही अभिप्रायाचा उपयोग होतो, कारण ती भाषा खटकेल की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो.

गोव्यात घडणाऱ्या मराठी कादंबरीबाबत आपल्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. पात्रांच्या तोंडी कोकणी असेल, तर ती कळण्यासाठी मागे शब्दार्थ दिले आहेत का, हे सोलापूरच्या किंवा नागपूरच्या वाचकासाठी नोंदवावे. आपल्याला ती इतकी सहज कळते की हा मुद्दा आपल्या ध्यानीच येत नाही. स्थळकाळाच्या चुकाही आपल्यालाच दिसतात. मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला आणि त्यानंतर कित्येक महिने पणजी-बेती फेरीबोटींवर लोकांचे लोंढे लागत होते. त्या वर्षीच्या चतुर्थीला कथेतले पात्र बसमधून पूल ओलांडून पणजीत आले, तर ती चूक आहे आणि ती सांगावी. पण तिला किती वजन द्यायचे हेही सांगावे. कथेचा कणा त्या प्रवासात नसेल तर ती एका ओळीची चूक आहे. अशा एका चुकीवरून तीनशे पानांची कादंबरी निकालात काढणारा अभिप्राय मी आमच्या वहीत वाचला आहे आणि तो लिहिणारा मीच होतो.

ऐतिहासिक कादंबरी ही मधली जात आहे. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले हा इतिहास. ‘स्वामी’ या कादंबरीत रणजित देसाई यांनी पत्नी रमाबाईंशी त्यांचे जे हितगुज रंगवले आहे ती कल्पना. वाचकांना ही सीमारेषा पुसट होणे आवडते, त्यात वावगेही नाही. मात्र अभिप्राय देणाऱ्याने तिचे भान ठेवावे आणि ‘यातून खरा इतिहास कळतो’ असे लिहू नये. लेखकाने प्रस्तावनेत साधने सांगितली आहेत का आणि कोठे स्वातंत्र्य घेतले हे कबूल केले आहे का, एवढे पाहून नोंदवावे.

वैचारिक आणि माहितीपर पुस्तकांबाबत सौंदर्याची भाषा बाजूला ठेवावी आणि लेखक काय सिद्ध करू पाहतो, कशाच्या आधारावर, हे पाहावे. आपल्याला सर्व विषय कळत नाहीत, पण प्रत्येक पुस्तकात एखादी जागा अशी सापडते की जिथली माहिती आपल्याकडे पक्की असते. तेथे लेखकाला पारखावे. गोव्याच्या इतिहासावरील पुस्तकांत ‘संपूर्ण गोवा साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांच्या ताब्यात होता’ असे वाक्य हमखास भेटते. पोर्तुगिजांनी १५१० साली तिसवाडी जिंकली आणि १५४३ साली बार्देश व सासष्टी त्यांच्याकडे गेले, हे खरे; परंतु फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतील, म्हणजे मागाहून मिळवलेल्या मुलखातील, महाल त्यांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्यात, इतकी देवळे का टिकली, सासष्टीतून हलवलेले देव इकडेच का आले, याचे उत्तर या फरकात आहे. ज्या पुस्तकात हा फरक सांगितलेला नाही, त्यातील इतर सरसकट विधानेही जरा जपून घ्यावीत असे मी लिहीन. हीच रीत आरोग्य, शेती किंवा शेअर बाजाराच्या पुस्तकालाही लावता येते. नारळाच्या बागायतीवरील पुस्तक आमच्या शेजारच्या भाटकाराने (बागायतदाराने) वाचून दिलेला सहा ओळींचा अभिप्राय प्राध्यापकी परीक्षणापेक्षा उपयोगी पडला, कारण खताचे दिलेले प्रमाण त्याने आपल्या बागेतील झाडांशी ताडून पाहिले होते. पुस्तकात सूची, संदर्भ, नकाशे आहेत का, हे एका वाक्यात सांगावे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का यावरच्या जनमत कौलावरचे किंवा कोकणी-मराठी राजभाषेच्या वादावरचे पुस्तक असेल तर स्वतःची बाजू आधी लिहून टाकावी. कित्येक दशके लोटली तरी या विषयांवर गोव्यात तटस्थ वाचक मिळणे कठीण आहे, आणि तटस्थतेचा आव आणलेला अभिप्राय लोक पहिल्या ओळीतच ओळखतात.

आत्मचरित्राचे मोल ठरवताना माणसाच्या थोरवीचे आणि पुस्तकाचे गुण वेगळे मोजावेत. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ १९२४ साली प्रसिद्ध झाले. सांखवाळसारख्या गावातून निघालेला, औपचारिक शिक्षण फारसे नसलेला तरुण बौद्ध धर्माच्या ओढीने नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि पुढे हार्वर्डपर्यंत कसा पोहोचला, हे त्यात आहे. ‘केवढे हे धाडस’ असे लिहून थांबलो तर अभिप्राय कोसंबींवर झाला, पुस्तकावर झालाच नाही. निवेदनाचा स्वर कसा आहे, लेखक स्वतःच्या उणिवा सांगतो का, कुटुंबाला मागे सोडून जाण्याविषयी तो किती बोलतो आणि कोठे गप्प बसतो, हे पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे कोसंबी १९४७ साली निवर्तले, म्हणजे शेवटची दोन दशके या पुस्तकात येणे शक्य नव्हते, हेही नव्या वाचकाला सांगून ठेवावे.

कवितेवर थोडके लिहावे आणि एक पूर्ण कडवे उद्धृत करून त्यातील आपल्याला भिडलेला शब्द कोणता ते सांगावे. परीक्षणासाठी असे मोजके उद्धरण घ्यायला १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार मुभा आहे. अख्खी कविता, किंवा हल्ली होते तसे अख्खे प्रकरण, मोबाईलवर फोटो काढून मंडळाच्या गटात टाकायला नाही.

अनुवाद वाचताना मूळ भाषा येत नसेल तर ‘अनुवाद मुळाबरहुकूम आहे’ असे लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो मराठी म्हणून चालतो का, एवढे सांगता येते : कोणत्या वाक्याला अडखळलो, कोणता शब्द मराठीत कधी ऐकला नव्हता. अनुवाद थेट मूळ भाषेतून आहे की इंग्रजीवरून, संपूर्ण आहे की संक्षिप्त, ही माहिती श्रेयपानावर असते आणि पोर्तुगीज पुस्तकांच्या बाबतीत ती आवर्जून पाहावी.

पाककृतींच्या पुस्तकावर अभिप्राय देण्याआधी त्यातील निदान दोन पदार्थ करून पाहावेत. आमच्या वहीतला मला सर्वांत आवडलेला अभिप्राय एका गृहिणीचा आहे. बांगड्याच्या हुमणाची (माशाच्या आमटीची) कृती तिने पुस्तकाप्रमाणे जशीच्या तशी केली, ‘चवीपुरती सोलं’ (आमसुले) म्हणजे किती हे पुस्तकाने सांगितले नसल्यामुळे पहिल्या खेपेस हुमण आंबटढाण झाले, तिरफळे केव्हा घालायची हेही लिहिलेले नव्हते. ‘ज्यांना हुमण आधीच येते त्यांनी हे पुस्तक घ्यावे’ असा तिने समारोप केला. यात स्तुती नाही, निंदा नाही, आणि पुस्तक कोणासाठी आहे ते अचूक आले आहे.

लिहिताना ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारे’, ‘टाकाऊ’ असे शब्द आले की प्रत्येकाच्या जागी ‘कारण’ने सुरू होणारे एक वाक्य घालून पाहावे, बहुधा विशेषण आपोआप गळते. दोषांइतकेच गुणही पृष्ठक्रमांकासह द्यावेत. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर कितव्या पानावर सोडले ते लिहावे. असा अभिप्रायही ग्राह्य आहे. दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. गोवा लहान आहे आणि लेखक पुष्कळदा आपला शिक्षक, सोयरा किंवा शेजारी निघतो. तेव्हा ओळख असल्याचे सरळ लिहावे आणि तरीही भीड पडत असेल तर त्या पुस्तकावर लिहिण्याचे काम दुसऱ्या सभासदाकडे द्यावे. उत्सवाच्या मांडवात लेखकाची गाठ पडणार हे ठाऊक असताना लिहिलेल्या दोन-तीन अभिप्रायांची मला आजही लाज वाटते.

अभिप्रायाखाली नाव आणि तारीख घालावी आणि समासात बोटभर जागा मोकळी सोडावी. आमच्या वहीत मतभेद त्या जागेत लिहिले जातात. पुलाच्या चुकीवरून मी निकालात काढलेली ती कादंबरी सात-आठ वर्षांनी पुन्हा वाचली, तेव्हा जुने शब्द खोडण्याचा मोह झाला होता. ग्रंथपालबाईंनी वही मागे ओढून घेतली आणि नवे मत नव्या तारखेने खाली लिहायला लावले.