युगांचा हिशेब करताना या चुका टाळा

नाशिकच्या रामकुंडावर गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा यजमानाचं लक्ष बहुतेक वेळा हातातल्या पळीकडे, नाहीतर वाजणाऱ्या मोबाइलकडे असतं. पहिली चूक तिथेच होते. ब्रह्मदेवाचं दुसरं परार्ध (आयुष्याचा उत्तरार्ध), श्वेतवराह कल्प (ब्रह्मदेवाचा एक दिवस), वैवस्वत मन्वंतर (एका मनूचा काळ), अठ्ठाविसावं कलियुग, त्याचा पहिला चरण (चौथा हिस्सा), मग गोदातीर, शक, तिथी. हा काळातला पूर्ण पत्ता आहे. तो नीट ऐकलात तर पुढचे निम्मे घोटाळे होतच नाहीत.

‘कलियुग संपत आलंय’ हा त्यातला सर्वांत मोठा. कलियुग 4,32,000 वर्षांचं, सुरुवात इ.स.पू. 3102. शकाच्या आकड्यात 3179 मिळवा, गेलेली वर्षं निघतात. शके 1947 ला 5126. म्हणजे अजून पहिला चरणसुद्धा संपलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मुहूर्त खुशाल पुसून टाका.

महायुग, म्हणजे चारही युगं मिळून, 12,000 वर्षांचं येत असेल तर तुम्ही देवांची वर्षं मोजताय; त्यांचं एक वर्ष म्हणजे आपली 360. 360 ने गुणा, 43,20,000 मिळतील. पुढची अडचण मोठी गमतीची आहे. कल्पात 1000 महायुगं आणि 14 मन्वंतरं, प्रत्येक मन्वंतर 71 महायुगांचं. गुणाकार 994 येतो. उरलेली 6 कुठे गेली? ती संधिकाळात असतात. असे 15 संधी, प्रत्येक संधी एका कृतयुगाएवढा (सत्ययुगाएवढा), म्हणजे महायुगाच्या चार दशांश. हिशेब चोख जुळतो.

पंचवटीतल्या सीतागुंफेबाहेर ‘राम नक्की कधी झाले?’ यावर वाद घालताना पुराणांचं त्रेतायुग आणि उत्खननाची कालगणना एकाच पट्टीवर लावू नका. पुराणांच्या गणिताने त्रेता संपूनच पावणेनऊ लाखांच्या आसपास वर्षं होतात. दोन्ही पट्ट्या जुळवायला गेलं की दोन्हींची वाट लागते.

सगळ्यांत खोल चूक मात्र आकड्यांची नाही. ब्रह्मदेवाचं आयुष्य 3,11,04,000 कोटी वर्षांचं. एवढं ऐकलं की लोक त्यालाच अनंत समजतात. पण ते संपतं! गीतेच्या नवव्या अध्यायात तर पुण्य सरलं की स्वर्गातूनही परत यावं लागतं. मोक्ष हा लांबलेला स्वर्ग नव्हे, त्याला वर्षंच लागू होत नाहीत. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन यांनी हाच पेच दुसऱ्या बाजूने सोडवला: काळ सृष्टीबरोबरच निर्माण झाला, तेव्हा ‘त्याआधी देव काय करत होता?’ या प्रश्नातला ‘आधी’च गैरलागू ठरतो.