नवा क्लायंट, जुना सर्व्हर: सोलापुरात सपोर्टला लागणाऱ्यांसाठी

"सर, इंटरनेट तर चालू आहे की! मग बिलं का जाईनात?" अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत काम घेतलंत, तर हे वाक्य ऐकायची सवय करा. नवा लिनक्स पीसी आला की कोपऱ्यातल्या जुन्या विंडोज सर्व्हरशी त्याचं जमत नाही. पिंग होतं, पोर्ट उघडं असतं, तरी कनेक्शन तुटतं. मग नवखी पोरं राउटर रीसेट करतात, फायरवॉल बंद करतात. त्यात राम नाही.

आधी एरर अक्षर न् अक्षर वाचा. 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल' म्हणजे टीएलएसच्या (दोन मशीनमधलं बोलणं सुरक्षित ठेवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) आवृत्तीवरून बिनसलंय. 'डीएच की टू स्मॉल' म्हणजे सर्व्हरची किल्ली कमी बिटांची. 'राँग व्हर्जन नंबर' दिसलं तर बहुतेक वेळा तुम्ही साध्या एचटीटीपीच्या पोर्टवर टीएलएस बोलताय. सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, त्याची तपासणी बंद करायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळतो, पण आवृत्तीचा वाद सर्टिफिकेटच्या आधीच होतो, त्यामुळे उपयोग शून्य.

विंडोज सर्व्हर २००३ ची धाव टीएलएस १.० पर्यंत. ही आवृत्ती १९९९ ची, आणि २०२१ मध्ये ती अधिकृतपणे मोडीत निघाली. उबंटू २२.०४ या लिनक्समध्ये टीएलएस सांभाळणारं ओपनएसएसएल ३.० आहे. ते १.० बोलतं, पण सिक्युरिटी लेव्हल (सुरक्षा किती कडक ठेवायची त्याची सेटिंग) शून्यावर आणली तरच. ओपनएसएसएलच्याच 'एस-क्लायंट' या चाचणीच्या कमांडने एकेक आवृत्ती तपासताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर नकार तुमच्याच मशीनचा असतो आणि शिव्या सर्व्हरला बसतात.

सर्व्हर २००८ आर२ असेल तर नशीब चांगलं. टीएलएस १.२ त्यात आहे, फक्त बंद असतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) चालू करायचं आणि रीस्टार्ट. तोही जेवणाच्या सुट्टीत. गाडी भरायला उभी असताना बिलिंग बंद पडलं तर मालक ऐकून घेणार नाहीत.

२००३ च असेल तर अख्ख्या पीसीची सुरक्षा ढिली करू नका. त्या एकाच प्रोग्रामला वेगळी कॉन्फिग फाइल द्या. क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारे पीसी, चार-पाच असतील तर मी सर्व्हरच्या पुढे एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर बसवतो: क्लायंटशी १.२, मागे १.०, आणि लेव्हल तेवढ्या एका जोडणीपुरतीच खाली. लेव्हल उतरवणाऱ्या कॉन्फिगमधल्या ओळीवर कॉमेंटमध्ये कारण आणि तारीख लिहा, आणि मालकांना नव्या सर्व्हरचं कोटेशन त्याच दिवशी मेल करा. तोंडी सांगितलेलं पुढच्या दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.